टेबलटॉप आरपीजींचे पुरस्कार: नामांकनाची यादी कशी ठरते आणि ती कशी जाहीर व्हावी?

तिसराप्रहर (धागाकर्ती)

नमस्कार.

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे नेत खेळायच्या ज्या खेळांना आपण सरसकट 'डी अँड डी' (डंजन्स अँड ड्रॅगन्स, त्यांतला सर्वांत प्रसिद्ध खेळ) म्हणून मोकळे होतो, त्या आरपीजींविषयी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे खेळ) इथे अधूनमधून चर्चा होत असते. त्यांच्या पुरस्कारांविषयी मात्र सविस्तर बोलणे झालेले नाही. गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या छोट्या गटाने सभासदांनी लिहिलेल्या वन-शॉट साहसकथांची, म्हणजे एकाच बैठकीत खेळून संपणाऱ्या कथानकांची, घरगुती स्पर्धा घेतली आणि पाच परीक्षकांपैकी एक मी होते. ते काम करताना माझे एक मत पक्के झाले, ते आधीच सांगते. पुरस्कार लक्षात राहतो विजेत्याच्या नावाने, पण त्यातला खरा निवाडा होतो तो नामांकनाची यादी ठरताना. म्हणून त्या यादीवर आणि ती जाहीर करण्याच्या रीतीवर सगळ्यांत जास्त कष्ट घेतले पाहिजेत.

या क्षेत्रातले सर्वांत परिचित पुरस्कार म्हणजे एनी पुरस्कार. २००० साली डी अँड डीची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर आलेल्या ओपन गेम लायसन्समुळे कोणत्याही प्रकाशकाला त्या नियमांवर आधारलेली पुस्तके काढता येऊ लागली. बाजारात पुस्तकांची रीघ लागली आणि यातले घेण्याजोगे कोणते, हे कोणीतरी सांगणे गरजेचे झाले. चाहत्यांनीच चालवलेल्या ईएन वर्ल्ड या संकेतस्थळाने २००१ मध्ये हे पुरस्कार सुरू केले. आधी त्यांची कक्षा डी-ट्वेंटी पद्धतीच्या, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर चालणाऱ्या त्याच नियमांच्या, पुस्तकांपुरती होती, ती पुढे सगळ्या टेबलटॉप आरपीजींपर्यंत वाढली. २००२ पासून पुरस्कार सोहळा अमेरिकेतल्या जेन कॉन या मेळाव्याशी जोडला गेला आणि २००३ मध्ये जेन कॉन मिलवॉकीहून इंडियानापोलिसला गेल्यावर सोहळाही तिकडे गेला.

निवडीचे टप्पे दोन आहेत. प्रकाशक आपली पुस्तके स्वतःहून पाठवतात. जे पाठवलेच नाही ते कितीही गुणी असले तरी विचारात येत नाही. आलेली पुस्तके पाच परीक्षक वाचतात. हे परीक्षक चाहत्यांच्या मतदानातून निवडलेले असतात आणि हौसेने काम करतात. साहसकथा, नियम, लेखन, मांडणी, नकाशे, मुखपृष्ठ, आतली चित्रे, मोफत उपलब्ध असलेले खेळ अशा अनेक विभागांत ते साधारणपणे पाच-पाच नामांकने काढतात. मग ती यादी जगासमोर ठेवून खुले मतदान घेतले जाते आणि प्रत्येक विभागात सुवर्ण आणि रौप्य असे दोन पुरस्कार दिले जातात.

आता मतदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका विभागातली पाचही पुस्तके, त्यातली काही तीनशे पानांची, आपल्यापैकी किती जणांनी वाचलेली असतील? आपण मत देतो ते आपण खेळलेल्या पुस्तकाला, किंवा ज्याचे नाव ऐकलेले असते त्याला. यात मतदाराचा काही दोष नाही. पण पाचही पुस्तके एकाच माणसाच्या हातात, एकाच मोसमात, शेजारीशेजारी येतात ती फक्त परीक्षकांच्या टप्प्यात. तुलना अशी खऱ्या अर्थाने तिथेच होते, पुन्हा कुठेही होत नाही.

ही तुलना किती फसवी असू शकते याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आमच्याकडे आलेल्या चौदा साहसकथांपैकी एक कोकणातल्या पडक्या वाड्यावरची होती. भाषा इतकी सुरेख की वाचून संपल्यावर मी तिला सर्वाधिक गुण देऊन टाकले. पुढच्या रविवारी चार खेळाडूंना घेऊन, खेळाची सूत्रधार म्हणून, मी ती प्रत्यक्ष चालवली. वाड्याच्या मागच्या अंगणात विहीर होती, नकाशावर ती रहाटासकट ठसठशीत काढलेली होती आणि अंगणात पाऊल ठेवताच चौघेही आधी विहिरीकडेच गेले. मी पान उलटून पाहिले तर मजकुरात एकच वाक्य होते: 'विहीर खोल आहे.' किती खोल, पाणी आहे की नाही, दोर पोहोचतो की नाही, खाली उतरणाऱ्याला काय दिसते, यातले काहीही लिहिलेले नव्हते. पाऊण तास मी मनानेच रचत राहिले आणि मूळ कथा वाड्याच्या दारातच राहिली. त्याच महिन्यात मी दुसरी एक साहसकथा चालवली, जिची भाषा अगदी कोरडी होती. पण तिच्यात प्रत्येक खोलीच्या सुरुवातीला तीन ओळी होत्या: आत शिरताच काय दिसते, काय ऐकू येते आणि कशाला हात लावला तर काय होते. त्या संपूर्ण सेशनमध्ये मला एकदाही थांबून शोधावे लागले नाही. मी माझे गुण बदलले.

चौदा साहसकथा खेळून पाहता येतात. शेकडो पुस्तके आली तर ते शक्य नाही, हे मान्य आहे. तरीही नुसते वाचणे आणि खेळणे यांच्या मधले काहीतरी करता येते. पुस्तकातले नियम वापरून एक पात्र कागदावर संपूर्ण तयार करावे. एक झटापट एकट्याने का होईना, फासे टाकून शेवटपर्यंत न्यावी. पुस्तक मधेच कुठेतरी उघडावे आणि 'पाण्यात बुडणाऱ्याचे काय होते' यासारखा एखादा प्रश्न मनात धरून उत्तर किती वेळात सापडते ते पाहावे. साहसकथेचा नकाशा आणि मजकूर शेजारीशेजारी ठेवून प्रत्येक दार जुळते का ते तपासावे. एवढे केले तरी सुंदर पण न चालणारे पुस्तक पुष्कळदा ओळखू येते.

जाहीर करण्याबाबत मात्र आमची चूक झाली आणि ती मला अजून लागून राहिली आहे. शेवटच्या बैठकीत आम्ही नामांकनांची यादी वाचून दाखवली. त्यात फक्त साहसकथांची नावे आणि लेखकांची नावे होती. निवडीचे कारण एकाचेही सांगितले नाही. ज्या साहसकथेचे नकाशे सगळ्यांत चांगले होते ते एका कॉलेजच्या मुलाने रॉटरिंग पेनने हाताने काढले होते, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजून. त्याचे नाव आमच्या तोंडून एकदाही आले नाही. तो काही बोलला नाही, चहाला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सुधारित यादी पाठवली, पण ज्या खोलीत सगळे बसलेले असताना ते नाव घ्यायला हवे होते, ती खोली तोवर रिकामी झाली होती.

या वर्षी पुन्हा स्पर्धा घ्यायची आहे. नामांकनासोबत कारण द्यावे का, मतदान ठेवावे का, आणि परीक्षकांचे मतभेद कितपत उघड करावेत, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

* * *

लांबचामुक्काम

चांगला धागा. मी शिकागोजवळ राहतो आणि बहुतेक वर्षी गाडीने इंडियानापोलिसला जाऊन जेन कॉनला हजेरी लावतो, त्यामुळे थोडी भर घालतो.

तुमच्या निदानाशी मी सहमत आहे, पण जनतेच्या मताला इतके कमी लेखू नये असे वाटते. २०२० चे निकाल पाहा. त्या वर्षी 'मर्क बोर्ग' या स्वीडिश खेळाला वर्षातील सर्वोत्तम उत्पादनासाठी सुवर्ण मिळाले, शिवाय लेखन आणि मांडणी या विभागांतही. पिवळ्याधमक पानांवर वाटेल त्या आकाराची अक्षरे उधळलेले ते पुस्तक सर्वांना आवडेल असे मुळीच नव्हते. त्याच वर्षी नियमांचे सुवर्ण 'थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर' या खेळाला मिळाले, आणि तो तर एकट्याने वहीत लिहीत खेळायचा खेळ आहे. मोठ्या प्रकाशकांची पुस्तके समोर असतानाही लोकांनी हे निवडले.

दुसरे म्हणजे, एनी पुरस्कारांच्या रचनेतच तुमच्या तक्रारीवर थोडा उतारा आहे. प्रत्येक परीक्षकाला 'जजेस स्पॉटलाइट' म्हणून स्वतःच्या पसंतीचे एक उत्पादन निवडता येते. त्यावर मतदान होत नाही आणि इतर चौघांची संमतीही लागत नाही. मी सोहळ्याला गेलो की या पाच नावांची सर्वाधिक वाट पाहतो, कारण घरी परतल्यावर मी जे विकत घेतो ते बहुधा यांतलेच असते. तुमच्या स्पर्धेत असा एक मान प्रत्येक परीक्षकाकडे जरूर ठेवा. मतभेद उघड करण्याचा तो सर्वांत सभ्य मार्ग आहे.

* * *

तिसराप्रहर (धागाकर्ती)

स्पॉटलाइटची कल्पना उचलते आहे, आभार.

२०२० विषयी मात्र एक विचार मांडते. ती दोन्ही पुस्तके लोकांनी निवडली हे खरेच आहे, पण त्याआधी कोणीतरी ती पाचांच्या यादीत घातली म्हणून ती अनेकांच्या नजरेस पडली. लोक नव्या गोष्टीला मत देतात, फक्त ती गोष्ट त्यांच्यापुढे आणून ठेवावी लागते. २०२४ मध्ये 'शॅडोडार्क'ला चार सुवर्णे मिळाली. तो खेळ मूलतः एका व्यक्तीच्या कल्पनेतला असला, तरी त्याच्या मागे २०२३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी करणारा वाचकवर्ग आधीच होता. तो यादीत आला नसता तरी लोकांना ठाऊक होताच. ज्याला असा वर्ग नाही, त्याची सगळी भिस्त परीक्षकांवर असते.

* * *

शाईदौत

मी चित्रकार आहे. भारतातल्या आणि बाहेरच्या छोट्या प्रकाशकांसाठी मुखपृष्ठे आणि आतली रेखाचित्रे करते, म्हणून रॉटरिंग पेनचा प्रसंग वाचून मला फार वाईट वाटले. असे पुष्कळदा होते. नामांकन पुस्तकाच्या नावाने जाहीर होते, मग प्रकाशकाचे नाव येते आणि ज्याच्या हातून ते काम झाले तो शेवटच्या पानावरच्या बारीक टायपात राहतो. 'सर्वोत्कृष्ट नकाशे' या विभागात तरी नकाशे काढणाऱ्याचे नाव सर्वांत आधी यावे, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही.

दुसरा मुद्दा मी आवर्जून मांडते, कारण तो परीक्षकांच्या डोक्यावरचे ओझे वाढवणारा आहे. एनी पुरस्कारांनी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुराबद्दल आणि चित्रांबद्दल जे धोरण आणले, त्यात अशी उत्पादने पूर्णपणे बाद नव्हती. वापर केल्याचे प्रकाशकाने सांगायचे आणि ज्या बाबीत यंत्राचा वापर झाला त्या विभागात तेवढे पात्र ठरायचे नाही, अशी ती तडजोड होती. मुखपृष्ठ यंत्राचे असेल तर मुखपृष्ठाच्या विभागात प्रवेश नाही, पण लेखनाच्या विभागात चालेल. यावर लेखक, चित्रकार आणि खेळाडू यांनी मोठी नाराजी व्यक्त केली आणि २०२५ च्या सुरुवातीला धोरण बदलले. २०२५-२६ च्या फेरीपासून जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता वापरलेले कोणतेही उत्पादन स्वीकारले जाणार नाही, असे जाहीर झाले.

मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. पहिल्या तडजोडीत एक मोठी गफलत होती. आरपीजीच्या पुस्तकात चित्र हे मजकुराच्या शेजारी डकवलेले नसते. मी एखादा राक्षस काढते तेव्हा त्याचे हात किती, तो भिंतीवर कसा चढतो, हे लेखकाला विचारते. कधी माझे चित्र पाहून लेखक त्याचे नियम बदलतो. मग 'चित्रे वगळून बाकीचे तपासा' असे परीक्षकाला सांगता येत नाही. अर्थात नवा नियमही प्रकाशकाच्या प्रामाणिकपणावरच उभा आहे. तुमच्या स्पर्धेत तर सगळे एकमेकांना ओळखणारे आहेत, तेव्हा कच्ची रेखाटने सोबत मागवा. ती कोणालाही पुराव्यादाखल वाटू नयेत म्हणून प्रदर्शनातच मांडा. लोकांना पाहायला आवडतात.

* * *

रांगेतलाप्रेक्षक

मी आरपीजी खेळत नाही, मुलगी खेळते. पण एकांकिका स्पर्धांशी बरीच वर्षे संबंध आहे आणि परीक्षणाचा प्रश्न दोन्हीकडे एकच दिसतो, म्हणून लिहितो.

२०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवून करंडक कोणालाच दिला नाही, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. त्यावरून दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. त्या निर्णयाच्या बरोबर-चूक होण्यात मी जात नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, तुमच्या एखाद्या विभागात पाच लायक साहसकथा नसतील तर तुम्ही पाचाचा आकडा भरून काढणार का? नामांकन ही दाद आहे असे मानले तर आकडा भरण्यासाठी दिलेली दाद खोटी ठरते. तीनच लायक असतील तर तीनच जाहीर करण्याची तयारी परीक्षकांनी आधीच ठेवावी आणि स्पर्धकांनाही तसे आधीच सांगावे. आधी न सांगता केले की तरुण मुले दुखावतात, आणि ते दुखावणे रास्त असते.

* * *

लांबचामुक्काम

आधी सांगण्याच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

कारणे देण्याविषयी एक उदाहरण नोंदवतो. जेन कॉनच्या आदल्या रात्री, बुधवारी, डायना जोन्स पुरस्कार दिला जातो. तोही २००१ पासूनचाच आहे, पण त्याची घडण एनींच्या अगदी उलट आहे. तिथे विभाग नाहीत, जनतेचे मतदान नाही, आणि निवड करणाऱ्या समितीतल्या बहुतेकांची नावे गुप्त असतात. पुरस्कार खेळाला मिळू शकतो, माणसाला मिळू शकतो, एखाद्या कल्पनेलाही मिळू शकतो. २०१८ मध्ये तो 'ॲक्च्युअल प्ले'ला, म्हणजे प्रत्यक्ष खेळ चालू असताना तो इतरांना पाहू-ऐकू देण्याच्या प्रथेला दिला गेला. त्याचे सन्मानचिन्ह म्हणजे एक पारदर्शक पिरॅमिड. परवाना संपल्यावर नष्ट केलेल्या, इंडियाना जोन्स चित्रपटांवर आधारलेल्या खेळाचे जळके अवशेष त्यात बंदिस्त आहेत. जळून उरलेल्या इंग्रजी अक्षरांत 'डायना जोन्स' ('Indiana Jones'मधले 'diana Jones') एवढेच वाचता येत होते, तेच पुरस्काराचे नाव झाले.

हे सांगण्याचे कारण असे की, ही गुप्त समिती अंतिम यादी जाहीर करताना प्रत्येक नावाबद्दल परिच्छेदभर लिहीत आली आहे. कोण निवडते ते बहुतांशी कळत नाही, पण का निवडले ते कळते. एनींमध्ये याच्या नेमके उलटे आहे. परीक्षक कोण ते सर्वांना ठाऊक असते, कारण आपणच त्यांना निवडून दिलेले असते. पण अमुक पुस्तक यादीत का आले ते त्या यादीतून कळत नाही. शंभराच्या आसपास नामांकने असताना प्रत्येकावर परिच्छेद लिहिणे पाच हौशी माणसांना झेपणारे नाही, हेही मला दिसते. तुमच्या पंधरा-वीस नामांकनांना मात्र ते सहज जमेल.

* * *

तिसराप्रहर (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक झाली, तिथे हा धागा छापून नेला होता.

आकडा भरायचा नाही, हे सर्वांनी लगेच मान्य केले. आवाहनातच तसे वाक्य घातले आहे. मतदानावर वाद झाला. दोघांचे म्हणणे होते की मतदान नसेल तर लोक जमणार नाहीत. शेवटी मतदान ठेवले, पण मत देण्याचा अधिकार त्या विभागातल्या किमान दोन साहसकथा खेळलेल्या माणसालाच, आणि त्या खेळता याव्यात म्हणून यादी जाहीर करणे व मतदान यांच्यात सहा आठवडे ठेवले आहेत. हे मोठ्या पुरस्कारांना शक्य नाही. चाळीस माणसांच्या गटाला आहे. शाईदौत यांच्या सूचनेप्रमाणे कच्ची रेखाटने मांडायला एक टेबल वेगळे ठेवले आहे.

परीक्षकाचे स्वतःचे लेखन किंवा चित्र असलेल्या साहसकथेच्या चर्चेत त्याने खोलीत बसायचे नाही, हेही ठरले. गेल्या वर्षी आम्ही 'तो गप्प बसेल' एवढ्यावर भागवले होते. माणूस गप्प बसला तरी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बाकीचे गुण देतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. नामांकनाच्या कारणात उणीव लिहावी की नाही? माझ्या मते लिहू नये. उणिवा लेखकाला स्वतंत्र पत्राने कळवाव्यात आणि त्या सविस्तर कळवाव्यात. विहिरीबद्दल मी त्या लेखिकेला दोन पाने लिहिली आणि तिने तो भाग पुन्हा लिहून पाठवला. आता त्या विहिरीत उतरता येते.

* * *

शाईदौत

उणिवा पत्राने, हेच बरोबर. मला माझ्या कामाबद्दल आजवर मिळालेली सर्वांत उपयोगी टीका खासगी पत्रातच मिळाली आहे.

कारणे लिहिताना 'अप्रतिम', 'लक्षवेधी' असे शब्द टाळावेत एवढी विनंती. ते कोणत्याही चित्राला लागू पडतात. नेमके काय पाहिले ते लिहावे.

* * *

तिसराप्रहर (धागाकर्ती)

मान्य. गेल्या वर्षी जे लिहायचे राहून गेले ते काल बैठकीत लिहून काढले आणि सर्वांसमोर वाचले. नकाशे काढणारा मुलगा या वेळी आला होता. इथेही देते:

'नकाशांसाठी नामांकन. नकाशे हाताने काढलेले असून प्रत्येक मजल्याचे प्रमाण एकच ठेवले आहे. दार कोणत्या बाजूला उघडते ते प्रत्येक दाराला दाखवले आहे, त्यामुळे दाराआड कोण लपू शकतो हे खेळ थांबवून ठरवावे लागत नाही. तळघराच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत, आणि मजकुरात पडणारा माणूस अकराव्या पायरीवरच थांबतो.'